‘स्वल्प तडीरी’ म्हणजे नक्की किती वेळ?

बेळगाव जिल्ह्यातल्या समस्त दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुखांना, अधीक्षक साहेबांना, आणि तो हसऱ्या-रडक्या तोंडांचा फीडबॅक फॉर्म ज्यांनी कुणी बनवलाय त्यांना,

नमस्कार.

आधीच सांगतो, कुठल्या एका दवाखान्याच्या नावानं बोंब मारायला हे पत्र लिहीत नाही, म्हणून नाव घेत नाही. जुलैत एका रात्री तुमच्यातल्याच एका इमर्जन्सीत आणलेली माझी आई आता घरी आहे, बरी आहे, काल परड्यात वालीच्या शेंगा तोडत होती, जिना चढू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय खरं ऐकतंय कोण. रागाचं पत्र मी तिला घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी लिहिलेलं, ते फाडून टाकलं. हे दुसरं.

माझं खानापुरात झेरॉक्स आणि छोट्या ऑफसेटचं दुकान आहे. फॉर्म छापणं, फॉर्मची झेरॉक्स मारणं, फॉर्म भरून देणं ह्यातच वीस वर्षं गेली, त्यामुळं डिस्चार्जच्या दिवशी तुमचा फॉर्म हातात आला तेव्हा पहिल्यांदा मी तो धंद्याच्या नजरेनंच बघितला. एका बाजूला कन्नड, एका बाजूला इंग्रजी. खाली पाच तोंडं, पहिलं रडकं, शेवटचं दात काढणारं. खरं तो कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होता हो, शाई भरत भरत गेलेली, तिसरं चौथं पाचवं तोंड काळ्या वड्यासारखं एकसारखं दिसत होतं. बिलाच्या खिडकीवरचा पोरगा म्हणाला, “आण्णा, लास्टवालं टिक करा, सही करा, त्याशिवाय गेटपास निघत नाही.” बाहेर पाऊस, आई व्हीलचेअरवर, गाडीवाला हॉर्न मारतोय. केली टिक, केली सही. म्हणजे तुमच्या रजिस्टरमध्ये आज माझ्या आईच्या नावावर एक ‘अतिशय समाधानी’ जमा आहे. ती टिक परत घ्यायला हे पत्र.

आता त्या रात्रीचं सांगतो. जुलै महिना, आमच्या जांबोटीच्या अंगाला पाऊस कसा लागतो ते तुम्हाला काय सांगायचं, लाईट संध्याकाळपासनं गेलेली, आणि साडेदहाच्या सुमाराला आई अंथरुणात उठून बसली. कपाळावर घाम. “काय होऊलंय आई?” तर म्हणाली ऊर भरून आलाय, जबडा ओढल्यासारखा वाटतोय. १०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या केसला गेलीय, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. खोटं बोलले नाहीत, हे मला त्या टेन्शनमध्ये पण आवडलं, कारण चाळीस म्हटल्यावर मला दुसरा विचार करता आला, शेजारच्या मामांची ओम्नी काढली आणि निघालो. (ही १०८ आपल्या राज्यात सुरू झाली १ नोव्हेंबर २००८ ला. तिकडं राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, आणि आमची सीमाभागातली मराठी माणसं निषेधाच्या काळ्या फिती लावून मूक सायकल फेरीत. फेरीत कुणाला चक्कर आली तर फोन त्याच नंबरला जाणार. असो, विषय तो नाही.)

दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा अकरा चाळीस झालेले. मी गाडी लावायला मागं गेलो, बायको आईला धरून आत गेली. बायकोचं माहेर चंदगड, म्हणजे बेळगावपासनं हाकेवर खरं राज्य महाराष्ट्र, कन्नड तिला शून्य. आत जो डॉक्टर होता तो अगदी पोरगा, शिकाऊच असणार, मंड्या-म्हैसूरकडचा असावा, त्याचं कन्नड आमच्या इकडच्या कानाला पण वेगळंच लागत होतं. त्यानं विचारलं, “एन तोंदरे?” काय त्रास होतोय. आई म्हणाली, “ऊर दुखतोय.” तो म्हणाला, “यावूरु?” म्हणजे कुठलं गाव. आईनं त्यातलं ‘ऊर’ तेवढं ओळखलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, “होय रे बाबा, ऊरच.” त्यानं हात बघितला, म्हणाला, “उरी?” कन्नडमध्ये उरी म्हणजे जळजळ. आईनं मान हलवली, तिला वाटलं पोराला समजलं एकदाचं. झालं. कागदावर ॲसिडिटी पडली, एक इंजेक्शन मारलं, आणि व्हरांड्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

मी आलो तेव्हा ती खुर्चीवर वाकून बसलेली. खिडकीवर जाऊन विचारलं, सिस्टर म्हणाल्या, “स्वल्प तडीरी.” जरा थांबा. दहा मिनिटांनी परत गेलो, स्वल्प तडीरी. तिसऱ्यांदा वॉर्डबॉयला विचारलं, तोही तेच. चौथ्यांदा मी माझ्या दुकानापुरत्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं की स्वल्प म्हणजे किती, पाच मिनिटं का पाच तास, तर सिक्युरिटीवाला काका उठून उभा राहिला, मला वाटलं हा आता बाहेर काढतोय, त्यानं गपचूप त्याचा चहाचा कप माझ्या हातात दिला.

पाऊण तास होऊन गेल्यावर वरच्या वॉर्डातली एक सिस्टर औषधाचं काहीतरी न्यायला खाली आली. आमच्याच तालुक्यातली असणार, बोलण्यावरनं कळलं. जाता जाता तिच्या कानावर बायकोचं ‘जबडा’ पडलं आणि ती थांबलीच. “मावशी, जबड्यात कधीपासनं?” आईनं सांगितलं, जेवणानंतर, घाम आला तेव्हापासनं. पुढचं काही विचारलं नाही तिनं, खुर्चीसकट आईला आत ढकलत नेलं. ईसीजीची पट्टी निघाली तेव्हा माझ्या मोबाईलवर बारा सदतीस झालेले. त्यानंतर जे सगळे पळाले ना, त्याला तोड नाही. तोच पोरगा डॉक्टर सगळ्यात पुढं. हार्ट अटॅकच होता, दोन दिवसांनी एक स्टेंट घातला.

छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आल्यापासनं १० मिनिटांच्या आत काढून बघायचा, हा जगभरचा नियम आहे, तुम्हीच पोरांना शिकवता. आम्हाला ५७ मिनिटं लागली, आणि ती मशीन नाही, डॉक्टर नाही, कॉट नाही म्हणून लागली नाहीत. एका शब्दानं लागली. बायकांना अटॅक पुष्कळदा असाच येतो म्हणे, सिनेमात दाखवतात तसा छाती धरून कोसळत नाहीत, जबडा, पाठ, घाम, मळमळ, नुसतं कसंतरी होतंय. म्हणजे ज्या पेशंटचं बोलणं सगळ्यात नीट ऐकायला पाहिजे तिच्याच बाबतीत भाषा आडवी आली.

आता कुणीतरी म्हणणार, आला हा भाषेचं राजकारण घेऊन. नाही हो. बोर्डावर कुठली भाषा वर आणि कुठली खाली ह्या भांडणात आमच्या दोन पिढ्या गेल्या, १९५६ पासनं चाललंय, सुप्रीम कोर्टात २००४ पासनं केस आहे, ते तिकडं चालू दे. माझं म्हणणं त्या खुर्चीपुरतं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी भागातली म्हातारी माणसं, वरनं चंदगडचे पेशंट, हे सगळे तुमच्या दारात रात्री येणार हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या निम्म्या सिस्टर, आया, वॉर्डबॉय घरी मराठीच बोलतात. मग दारात पहिला प्रश्न विचारणाऱ्या माणसाजवळ रात्री एक दोन्ही भाषा येणारा माणूस उभा करायला कुठलं बजेट लागतंय? तेही नाही जमलं तर वीस शब्दांचा एक तक्ता चिकटवा टेबलावर. ऊर, कळ, घेरी, धाप, उमाळे, चमक, मुरडा, कसंतरी होणं. डिक्शनरीत जे सापडत नाही आणि आमच्या आया जे बोलतात ते शब्द. पहाटे चारला तो पोरगा डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसला होता, त्यानं विचारलं ऊर म्हणजे नक्की काय, मी सांगितलं, तर त्यानं मोबाईलमध्ये लिहून घेतलं: ऊर म्हणजे एदे. तक्त्यातला पहिला शब्द झाला की तिथंच.

दुसरी गोष्ट थांबण्याची. त्या पाऊण तासात आमच्यानंतर आलेला बाईक अपघातातला पोरगा सरळ आत गेला, नंतर एका शेतकऱ्याला साप चावलेला, तोही सरळ आत. व्हरांड्यात आरडाओरडा सुरू, “आम्ही आधी आलोय, वशिला चालतोय इथं.” खरं सांगतो मी पण त्यात होतो. आमच्या डोक्यात रेशन दुकानाची लाईन. तुमच्यात लाल, पिवळा, हिरवा असं असतंय, ज्याचा जीव जास्त धोक्यात तो आधी, हे मला चौथ्या दिवशी माझ्या भाचीनं सांगितलं, ती नर्सिंगला आहे. ट्रायेज म्हणतात त्याला, शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं. आई सुपात तांदूळ निवडते तसं. हे जर दारातच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की इथं नंबराप्रमाणं नाही, जिवाच्या धोक्याप्रमाणं घेतात, तर निम्मी ओरड तिथंच थांबली असती, आणि मी पण जाऊन विचारलं असतं की माझ्या आईला कुठला रंग दिलाय आणि का. हिरवा दिलेला. विचारलं असतं तर त्यातनंच चूक सापडली असती.

बोर्ड मात्र एक होता. डॉक्टरांवर हल्ला केल्यास जेल, राज्याचा २००९ चा कायदा. तो तीन भाषेत होता! अख्ख्या इमारतीत मराठीत मी वाचलेलं ते एकच वाक्य. कायदा बरोबरच आहे, अंगावर जाणारे नातेवाईक मी पण बघितलेत आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या जागी मी एक रात्र टिकणार नाही. खरं माणूस अंगावर का जातो ह्याचं अर्धं उत्तर त्या ‘स्वल्प’मध्ये आहे.

भाचीनंच मला अजून एक दाखवलं. १९९६ साली अमेरिकेत इमर्जन्सीच्या पेशंटचा अभ्यास केलेला, त्यात निघालं की पेशंट समाधानी असणं-नसणं हे घड्याळातल्या वेळेवर फारसं अवलंबूनच नव्हतं. आपण फार थांबलो असं वाटलं का, काय चाललंय ते कुणी सांगितलं का, माणसं कशी वागली, ह्यावर होतं. आम्हाला हे बसस्टँडवर केव्हाच कळलंय हो. बेळगावची गाडी लेट असू दे, कंट्रोलर म्हणाला “देसूर सोडलीय” की माणूस निवांत तंबाखू मळायला लागतो. कंट्रोलर नुसता “येईल की” म्हणाला की त्याच माणसाचा जीव वर-खाली. गाडी तीच, लेट तेवढीच. मग तुमच्या व्हरांड्यात दर वीस मिनिटांनी एक माणूस येऊन एवढंच म्हणू दे की, आजी, तुमचा रिपोर्ट यायला अजून अर्धा तास आहे, आत दोन सिरियस आहेत, दुखणं वाढलं तर लगेच हाक मारा. डॉक्टरच पाहिजे असं नाही, तो चहा देणारा काका पण सांगू शकतोय, त्याला फक्त आतनं कुणीतरी सांगायला पाहिजे. आणि त्या फेरीत आईकडं बघून कुणाच्याही लक्षात आलं असतं की ही बाई ॲसिडिटीची दिसत नाही.

पैशाचं थोडक्यात लिहितो, कारण आम्हाला त्या रात्री कुणी डिपॉझिट मागितलं नाही, हे कबूल करायला पाहिजे. आमच्या शेजारच्या कॉटवाल्यांची मात्र कार्डावरनं रात्रभर धावपळ. इकडं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, बीपीएलला घरटी वर्षाला ५ लाखापर्यंत. तिकडं महाराष्ट्रानं २०२३ ला महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लावली, त्यावरनं दोन सरकारांची जुंपली. बारा वाजता पिशवीत दोन-तीन कार्डं घेऊन आलेल्या माणसाला ह्यातलं कुठलं कुठल्या खिडकीला चालतंय ते सांगणाऱ्या आरोग्य मित्राची खुर्ची रात्री रिकामी. आणि जे खाजगीवाले आधी पैसे भरा म्हणतात त्यांना आठवण म्हणून, इमर्जन्सीत उपचार नाकारायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय, आणि आपल्या राज्याच्या खाजगी दवाखान्यांच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं ॲडव्हान्ससाठी उपचार अडवायचे नाहीत हे आलंय, तक्रार ऐकायला जिल्हाधिकाऱ्यांची समिती पण आहे. हे पण तीन भाषेत लावा की त्या जेलच्या बोर्डाशेजारी.

आता तुमच्या फॉर्मकडं येतो. मी असं म्हणत नाही की पेशंट खूश म्हणजे दवाखाना चांगला. २०१२ मध्ये अमेरिकेतच एक अभ्यास आला, त्यात सगळ्यात जास्त समाधानी असलेल्या लोकांचा खर्च जास्त निघाला आणि मृत्यूचं प्रमाणसुद्धा. भाचीनं वाचून दाखवलं तर मला हसूच आलं, कारण आपल्याकडं बघा, सलाईन लावली की पेशंट खूश, एक लाल एक पिवळी बाटली लटकली की नातेवाईक पण खूश, नुसती गोळी देऊन घरी पाठवणारा डॉक्टर कितीही हुशार असला तरी “काही बघितलंच नाही बघा त्यानं.” तसल्या खुशीची टिक घेऊन काय करणार? आईला ॲसिडिटीचं इंजेक्शन मारल्यावर पहिली पाच मिनिटं आम्ही पण खूशच होतो, सुई मारली म्हणजे काहीतरी केलं.

म्हणून ‘तुम्ही किती समाधानी आहात’ हा प्रश्नच काढून टाका. त्याचं उत्तर कोण देणार हो खरं, परत त्याच दारात यायचं असतंय. साधं विचारा. आल्यापासनं किती मिनिटांनी कुणी बघितलं. काय होतंय ते तुमच्या भाषेत सांगता आलं का. थांबवलं तर का थांबवलं ते कळलं का. दुखणं कमी झालं का, का दुखत असताना नुसतं बसवलं. घरी सोडताना काय झालं तर लगेच परत यायचं हे कुणी सांगितलं का. आमच्या डिस्चार्ज कार्डावर हे इंग्रजीत होतं, नवव्या ओळीत, मी वाचलं म्हणून कळलं. आणि हे सगळं गेटपासच्या खिडकीवर विचारायचं नाही, त्या खिडकीवर माणूस काहीही लिहून देतो, किडनी मागितली तरी सही करेल. घरी गेल्यावर दोन-चार दिवसांनी फोन करून विचारा. केंद्र सरकारचं ‘मेरा अस्पताल’ २०१६ पासनं असंच नंतर मेसेज आणि फोन करून विचारतंय, म्हणजे हे काही मी नवीन सांगत नाही. फोन फक्त मराठीत पण येऊ दे, आणि तो नातवाला नाही, आजीला द्यायला सांगा.

छपाईचं माझ्यावर सोडा. मजकूर ठरला की पाठवून द्या, ए-फोर, पाठपोट, कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी, उर्दू पाहिजे असेल तर तेही बेळगावातनं टाईप करून आणतो. पहिल्या हजार प्रती फुकट. अट एकच, मास्टर कॉपी माझ्याजवळ राहणार, संपल्या की सांगा, झेरॉक्सची झेरॉक्स मारायची नाही. त्या वीस शब्दांचा तक्ता पण लॅमिनेशन करून देतो, शब्द तुमच्या त्या सिस्टरला विचारून घ्या.

आणि आईच्या नावावरची टिक तेवढी खोडा. तिला विचारलं मी, आता तुला काय लावायचंय ते सांग. शेंगा सोलत होती, वर न बघता म्हणाली, त्या पोरीला पाच दे, त्या डॉक्टर पोराला तीन दे, शिकतंय अजून, आणि बाकीच्यांचं तुझं तू बघ.

आपला,
खानापूरचा एक झेरॉक्सवाला